राखलेले खेळाडू आणि फुगलेला बाजार

आयपीएलच्या रिटेन्शनची यादी आली की पहिला वाद ठरलेला: "याला कसा काय सोडला?" २०२५च्या हंगामाआधी चेन्नईने पाच जणांना ६५ कोटींत राखलं आणि १२० कोटींच्या पर्समध्ये ५५ कोटी उरले. चर्चा रंगते ती नावांची. उरलेल्या पैशांत लिलावात काय हाती लागेल, हा खरा प्रश्न मागे पडतो.

अमेरिकेत फँटसी बेसबॉल म्हणजे खऱ्या खेळाडूंचे कागदोपत्री संघ बांधण्याचा खेळ. त्याच्या 'कीपर लीग'मध्ये, म्हणजे काही खेळाडू पुढच्या वर्षी राखता येणाऱ्या लीगमध्ये, हंगाम सुरू होण्याआधी हाच घोळ होतो. फरक एवढाच की आयपीएलमध्ये राखण्याचे दर मंडळ ठरवून देतं, तर इथे खेळाडू गेल्या वर्षी ज्या भावात घेतला त्याच भावात पुढे नेता येतो. बऱ्याच लीगमध्ये त्यावर पाचेक डॉलर चढतात. त्यामुळे तोच खेळाडू एका लीगमध्ये कुणाकडे ८ डॉलरला असतो आणि दुसऱ्या लीगमध्ये ५८ला.

खेळाची मांडणी थोडक्यात सांगतो. डॅनियल ओक्रेंट या लेखक-संपादकाने मित्रांना घेऊन १९८०च्या हंगामात न्यूयॉर्कमध्ये 'रोटिसरी' लीग सुरू केली. तिथून रुळलेल्या नियमांप्रमाणे प्रत्येक 'मालका'ला २६० डॉलर मिळतात आणि त्यात २३ खेळाडू घ्यायचे असतात: १४ फलंदाज, ९ पिचर (चेंडू टाकणारे). खऱ्या सामन्यांतल्या त्यांच्या आकड्यांवर गुण मिळतात. फलंदाजीत सरासरी (दर संधीमागे किती हिट, म्हणजे यशस्वी फटके), होम रन (मैदानाबाहेरचा फटका), धावा, आरबीआय (आपल्या फटक्यामुळे संघाला मिळालेल्या धावा) आणि चोरलेले बेस (फटक्याची वाट न बघता पळून गाठलेला पुढचा बेस). पिचिंगमध्येही असेच पाच रकाने. प्रत्येक रकान्यात तुमचा संघ कितवा, यावर गुण.

आता माझ्या आवडीचा भाग. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर बरं.

बारा संघ असतील तर बाजारात एकूण १२ × २६० = ३१२० डॉलर येतात आणि २७६ खेळाडू विकले जातात. कोरा लिलाव असेल तर सगळ्या खेळाडूंच्या मूल्यांची बेरीज ३१२०च धरतात, कारण मूल्य म्हणजे त्या ३१२०मधला त्या खेळाडूचा वाटा. समजा प्रत्येकाने पाच खेळाडू राखले, म्हणजे एकूण ६०. शहाणा माणूस स्वस्तातलेच राखणार. धरा की या साठांचं खरं मूल्य १२०० डॉलर आहे, पण मालकांना ते पडले ६०० डॉलरला. मग लिलावात पैसे उरले २५२०, आणि माल उरला १९२० डॉलरचा. पैसा जास्त, माल कमी: भाव चढणारच. २५२० भागिले १९२० म्हणजे १.३१, सुमारे ३१ टक्के महागाई.

इथे बहुतेकजण थांबतात आणि प्रत्येक खेळाडूचा भाव सरसकट १.३१ने गुणतात. ते चूक आहे. उरलेल्या २१६ जागांपैकी प्रत्येक जागेला किमान एक डॉलर द्यावाच लागतो आणि यादीच्या तळाचा खेळाडू कितीही महागाई आली तरी एक डॉलरलाच जातो. तो एकेक डॉलर दोन्ही बाजूंनी वजा करा: पैसे २३०४, माल १७०४, गुणोत्तर १.३५. ही महागाई फक्त पहिल्या डॉलरच्या वरच्या रकमेला लागते. म्हणून ४० डॉलरच्या खेळाडूचा भाव १ + ३९ × १.३५, म्हणजे जवळपास ५४ होतो. ६ डॉलरवाल्याचा भाव जेमतेम ८पर्यंत जातो. स्टारवर चौदा डॉलर चढले, किरकोळावर दोन.

यातून निघणारा निष्कर्ष पहिल्यांदा विचित्र वाटतो. तुमच्याकडे ४० डॉलरचा खेळाडू ४२ला आहे आणि ६ डॉलरचा २ला आहे. पहिला तोट्यात, दुसरा तिपटीने फायद्यात, म्हणून दुसरा राखायचा? उलट. पहिला सोडलात तर लिलावात तो ५४ला परत घ्यावा लागेल, म्हणजे राखण्यात १२ डॉलरचा फायदा. दुसऱ्यात फायदा सहाचा. पण तोच ४० डॉलरचा स्टार तुमच्याकडे ५८ला असेल, तर नाव कितीही मोठं असो, सोडून द्या. लिलावात तो चार डॉलर कमीत मिळेल. तुलना नेहमी येणाऱ्या लिलावातल्या भावाशी करायची.

घोटाळे कुठे होतात? एक तर इतरांच्या याद्या तुम्हाला आधी दिसत नाहीत, त्यामुळे प्रत्येक संघ काय राखेल याचा अंदाज स्वतःच मांडावा लागतो. शिवाय तुमचा निर्णयही महागाई थोडी हलवतो, तेव्हा आकडा एकदा काढून दुसऱ्यांदा तपासावा. तिसरी गोष्ट लिलाव सुरू झाल्यावरची. पहिली काही नावं लोक जुन्याच भावात सोडून देतात. मग न खर्चलेला पैसा साचतो आणि मधल्या फळीतले खेळाडू भलत्याच भावाला जातात. दर वीसेक खेळाडूंनंतर उरलेला पैसा भागिले उरलेला माल हा हिशेब नव्याने केला, की सुरुवातीलाच ५० डॉलर मोजायला हात कचरत नाही.

हे सगळं '४० डॉलर' या अंदाजावर उभं आहे. तो येतो गेल्या वर्षांच्या आकड्यांवरून, आणि तिथे नशीब मिसळलेलं असतं. फलंदाज लुईस अराएझची सरासरी बघा: २०२२मध्ये ०.३१६, २०२३मध्ये ०.३५४, २०२४मध्ये ०.३१४. तो बिघडला का? २०२३मध्ये त्याने ५७४ संधींत २०३ हिट मारल्या. ०.३१६च्या हिशेबाने १८१ झाल्या असत्या. बावीस हिट जादा, सहा महिन्यांत, म्हणजे आठवड्याला एकही नाही. ५७४ संधींत निव्वळ योगायोगाने सरासरी ०.०१९ने वरखाली होणं हे प्रमाणित विचलनच, म्हणजे नेहमीचीच हालचाल आहे. अराएझची उडी त्याच्या दुप्पट होती. ती विरळाच, पण शेकडो फलंदाजांतून सर्वांत वरचा निवडला की असा कोणीतरी सापडतोच. पुढच्या वर्षी तो सरासरीकडे परततो. (आणि परतूनही त्याने २०२४मध्ये नॅशनल लीगचं, म्हणजे खऱ्या बेसबॉलच्या दोन मुख्य लीगपैकी एकीचं, सर्वोच्च सरासरीचं विजेतेपद घेतलंच!) दुसऱ्या हंगामाचा शाप, 'स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड' या अमेरिकी क्रीडा नियतकालिकाच्या मुखपृष्ठाची साडेसाती असल्या गोष्टी बहुतांशी यातूनच जन्मतात. माणूस शिखरावर असतानाच मुखपृष्ठावर येतो; तिथून खाली यायला शनी वक्री व्हावा लागत नाही.

सगळे आकडे सारखे डळमळीत नसतात. फलंदाज किती वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) होतो, यात साठेक संधींनंतरच कौशल्याचा वाटा निम्म्यापर्यंत चढतो. सरासरीला त्यासाठी नऊशेच्या आसपास संधी लागतात. म्हणून राखायचा तरुण निवडताना त्याचे स्ट्राइकआउट घटलेत का ते आधी बघा, सरासरी नंतर.

नियम बदलले की जुना भाव निरुपयोगी होतो. २०२३मध्ये बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले आणि पिचरने धावपटूला रोखण्यासाठी पिचिंग सोडून बेसकडे वळण्यावर मर्यादा आली. सगळ्या संघांचे मिळून हंगामातले चोरलेले बेस २४८६वरून ३५०३वर गेले. म्हणजे नंतरचे तीस बेस आधीच्या एकवीसांच्या तोलाचे. केवळ चोरलेल्या बेससाठी राखलेल्या खेळाडूंचं मूल्य त्याच प्रमाणात घसरलं.

पिचरच्या बाबतीत गणितापेक्षा कोपर महत्त्वाचं. स्पेन्सर स्ट्रायडरने २०२३मध्ये २८१ स्ट्राइकआउट घेतले. २०२४मध्ये दोन सामन्यांनंतर कोपराच्या अस्थिबंधावर शस्त्रक्रिया झाली आणि हंगाम संपला. अशा दुखापतीनंतर एक-दीड वर्ष सहज जातं. म्हणून सारख्याच फायद्याचे फलंदाज आणि पिचर असतील तर फलंदाज राखावा. पिचर राखायचाच असेल, तर जखमी खेळाडूसाठी लीगमध्ये वेगळी जागा आहे का आणि तिथे ठेवलेल्याचे डॉलर लिलावाच्या पैशांतून कापले जातात का, हे यादी देण्याआधी नियमावलीत वाचून घ्यावं.