बालश्वसनोपचारतज्ज्ञ

बालश्वसनोपचारतज्ज्ञ : श्वासाचा त्रास असलेल्या अर्भकांना व मुलांना ऑक्सिजन, वाफ, व्हेंटिलेटर यांचे उपचार डॉक्टरांच्या सूचनेनुसार देणारी आणि त्या उपचारांवर अहोरात्र नजर ठेवणारी प्रशिक्षित व्यक्ती. मुंबईच्या रुग्णालयांत तिला ‘आरटी’ (रेस्पिरेटरी थेरपिस्ट) म्हणतात. पालकांच्या लेखी मात्र त्या ‘मशीनवाल्या ताई’ नाहीतर ‘वाफ देणारे सर’. कामाचा खरा भाग मशीनपाशी नसून मुलाच्या उघड्या छातीकडे बघण्यात आहे, हे या नावांतून कळत नाही.

लहान मुलाच्या श्वासमार्गाचे गणितच वेगळे असते. ४ मिमी व्यासाच्या नळीला आतून चहूबाजूंनी १ मिमी सूज आली, की वाटेचे क्षेत्रफळ पाऊण हिश्श्याने घटते आणि हवेला होणारा विरोध सुमारे १६ पट वाढतो. मोठ्या माणसाला तेवढी सूज जाणवतही नाही. त्यातच तान्हे बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेते. म्हणून तीन महिन्यांचे बाळ नुसत्या चोंदलेल्या नाकानेही दूध सोडते, आणि सलाइनचे दोन थेंब टाकून नाक हलकेच ओढून साफ केले, की पुन्हा आईला लुचू लागते.

‘पोट उडतंय’, ‘छाती भरलीय’, ‘घुरघुर वाजतंय’ असे सांगत आया येतात. गावाकडची आजी ‘डबा झालाय’ म्हणते. हे शब्द हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. फासळ्यांखाली पडणारा खळगा आईने आधीच पाहिलेला असतो, तिने त्याला फक्त आपले नाव दिलेले असते. तज्ज्ञ झबले वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाला मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन, ही जागतिक आरोग्य संघटनेची मोजणी आहे. रडणाऱ्या मुलाचे श्वास मोजून उपयोग नाही, ते शांत होईपर्यंत थांबावे लागते. पण शांततेचेही दोन प्रकार आहेत. रात्रभर धापा टाकणारे मूल पहाटे गप्प झाले, श्वास कमी झाले, नातेवाईक म्हणाले ‘आता झोपलं बाई’, तर तज्ज्ञाने धावत जायचे असते. मूल बरे झालेले नसते, थकलेले असते. ही खूण ओळखायला शिकणे हा या शिक्षणातला सर्वांत अवघड धडा होय.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांत सरफॅक्टंट हा द्रव पुरेसा नसतो, म्हणून वायुकोश श्वासागणिक मिटतात. हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले. १९७१ मध्ये जॉर्ज ग्रेगरी व सहकाऱ्यांनी सतत सौम्य दाब देऊन ही बाळे वाचवता येतात हे मांडले. असा दाब देण्यासाठी आज वापरात असलेल्या ‘बबल सीपॅप’ या साधनामध्ये उच्छ्वासाच्या नळीचे टोक पाण्यात बुडवलेले असते. ते जितके सेंमी खोल, साधारण तितक्या सेंमी पाण्याचा दाब. बुडबुड्यांचा आवाज थांबला, की गळती शोधायची : बहुधा नाकातली नळी सरकलेली असते किंवा बाळाचे तोंड उघडे पडलेले असते. व्हेंटिलेटरवरच्या एक किलोच्या बाळाचा एक श्वास जेमतेम ५ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा. त्याच्या श्वासनलिकेत घातलेली नळी २.५ मिमीची. हनुवटी खाली झुकली तरी ती आत सरकते, म्हणून ओठापाशी ती किती सेंमीवर आहे याची नोंद दर पाळीला करतात. ऑक्सिजनसुद्धा इथे औषधासारखा मोजून द्यायचा. अशा बाळांत त्याचे रक्तातील प्रमाण साधारण ९० ते ९५ टक्के ठेवतात, कारण जास्तीचा ऑक्सिजन दृष्टिपटलाला इजा करतो.

परळचे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ पासून केवळ मुलांसाठी आहे. केईएम, शीव, नायर या पालिका रुग्णालयांतही मुलांचे मोठे विभाग आहेत. तरीही शहरातल्या अनेक ठिकाणी हे काम निवासी डॉक्टर, सिस्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यात वाटलेले असते. आरटीसारख्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१ मध्ये केंद्रीय कायदा झाला. जिथे पावसाळ्यात ब्रॉंकिओलायटिसच्या (बारीक श्वासनलिकांना सूज आलेल्या) बाळांनी वॉर्ड भरतो, तिथे रात्रपाळीला एक तरी स्वतंत्र आरटी हवाच. हा खर्च चैनीचा नाही.

वॉर्डाबाहेरचे मोठे काम म्हणजे दम्याच्या मुलांच्या पालकांना पंप शिकवणे. ‘पंपाची सवय लागेल’ ही भीती घरोघर आहे. प्रत्यक्षात पंपाचे औषध थेट श्वासनलिकेत जाते, त्यामुळे मात्रा तोंडाने घेण्याच्या औषधापेक्षा कितीतरी कमी लागते. ‘आई, पंप हलवा, मास्क घट्ट धरा, एकच पफ, आता त्याचे श्वास मोजा,’ असे सांगत आईकडूनच करून घ्यावे लागते. स्पेसर, म्हणजे पंप आणि मास्क यांच्यामधली प्लास्टिकची पोकळ नळी, साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळवायचा. आतून फडक्याने पुसला, की प्लास्टिकला औषध चिकटते.

गळ्याला छिद्र करून नळी बसवलेल्या मुलाला घरी सोडताना ही शिकवणी आणखी कठीण होते. दहा बाय दहाच्या खोलीत नळीतला कफ ओढून काढणारे सक्शन मशीन कुठे ठेवायचे, वीज गेली तर काय, लोकलच्या गर्दीत नळी ओढली गेली तर काय, याची उत्तरे आधी तयार लागतात. तज्ज्ञासमोर आईने स्वतःच्या हाताने नळी बदलून दाखवल्यावरच सुट्टी मिळते. घरी जाताना तिच्या पिशवीत अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) असते, आणि दोन जादा नळ्या : एक त्याच मापाची, दुसरी एक माप लहान, कारण घाईच्या वेळी मोठी आत जात नाही.