जीआय-७बी की जीयू-७४बी?

डोंबिवलीच्या मित्राचा फोन आला, "रशियन व्हॉल्व्ह आला रे, तुझ्याकडे आहे तोच." व्हॉल्व्ह म्हणजे आम्हा हौशी रेडिओवाल्यांच्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरमधली निर्वात नळी; माझ्याकडची जीआय-७बी. वाशीहून महापे-शिळफाट्याचं ट्रॅफिक खात पोचलो, खोका उघडला, तर आत जीयू-७४बी. चेसिस (अ‍ॅम्प्लिफायरची धातूची पेटी) मात्र पठ्ठ्याने जीआय-७बीचं करून ठेवलेलं. विकणाऱ्याने "दोन्ही एकच" असं सांगून वाटेला लावलं होतं.

फसण्यासारखंच आहे म्हणा. दोन्ही सोव्हिएत घराण्यातले, धातू आणि सिरॅमिकचे, दोन्हींच्या डोक्यावर पात्यांचा रेडिएटर, दोन्हींचा हीटर (व्हॉल्व्ह आतून तापवणारी तार) १२.६ व्होल्टचा. शेवटच्या 'बी'चा अर्थही एकच: हवेचा झोत मारून थंड करायचा. अंगावरची अक्षरं रशियन असतात. उलट्या एलसारखं अक्षर दोन्हीकडे पहिलं. दुसरं अक्षर आरशातल्या इंग्रजी एनसारखं दिसलं तर जीआय, वायसारखं दिसलं तर जीयू.

खरा फरक पोटात आहे. जीआय-७बी हा ट्रायोड, म्हणजे आत तीनच भाग: इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड, ते ओढणारी प्लेट, आणि मध्ये त्यांना आवरणारी जाळी, म्हणजे ग्रिड. त्याची ग्रिड कडं कसून थेट चेसिसला बांधायची आणि सिग्नल कॅथोडला द्यायचा. स्क्रीन (दुसरी ग्रिड) नाही, वेगळं सॉकेट नाही, बायसला (शांत असतानाचा करंट ठरवायला) एक झेनर डायोड पुरतो. अडचण एकच: हीटरचं एक टोक आतूनच कॅथोडला जोडलेलं असतं, म्हणून हीटरच्या वाटेत चोक (सिग्नल अडवणारी कॉइल) गुंडाळावा लागतो, नाहीतर सिग्नल ट्रान्सफॉर्मरमध्येच मुरतो. प्लेट ३५० वॅट उष्णता सोसते.

जीयू-७४बी हा टेट्रोड, म्हणजे दोन ग्रिडवाला. प्लेटची मर्यादा ६०० वॅट, हीटर ३.६ अँपिअर खातो (जीआयचा जेमतेम २). ४सीएक्स८००ए या निर्यातीच्या नावानेही तो विकला जायचा, आणि बल्गेरियाच्या अ‍ॅकॉम १००० या तयार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तोच एकटा बसतो. सिग्नल पहिल्या ग्रिडला, बहुधा ५० ओहमच्या रोधावर, त्यामुळे रिगला (ट्रान्समीटरला) प्रत्येक बँडवर सरळ, सपाट लोड मिळतो. हे सुख मोठं आहे, पण त्याची किंमत स्क्रीनच्या सप्लायमध्ये मोजावी लागते. सुमारे ३०० व्होल्ट, आणि तेही स्थिर. स्क्रीनचा करंट कधी उलटाही वाहतो, म्हणून साधा सिरीज रेग्युलेटर चालत नाही, शंट (जादा करंट बाजूने वळवून घेणारा) लागतो. प्लेटची एचटी (हजारो व्होल्टचा पुरवठा) गेली आणि स्क्रीन चालू राहिली, तर सगळे इलेक्ट्रॉन स्क्रीनवर धावतात आणि ती क्षणात जळते. म्हणजे संरक्षणाचं सर्किट आधी, व्हॉल्व्ह नंतर. शिवाय हीटर लावल्यावर अडीच मिनिटं ट्रान्समिटच्या बटणाला हात लावायचा नाही.

माझं मत विचाराल तर आपल्याला जीआय-७बी बास आहे. भारतात जनरल ग्रेडच्या हौशी रेडिओ लायसन्सला एचएफवर (लघुलहरींवर) ४०० वॅटचीच परवानगी. एक जीआय-७बी सव्वादोन-अडीच हजार व्होल्टवर साधारण ३०० वॅट आरामात देतो. इमारतीच्या गच्चीवरचा डायपोल अँटेना आणि खालच्या मजल्यावरचा टीव्ही यांच्यामध्ये त्याहून जास्त वॅट कशाला? स्क्रीन सप्लायची हौस असेल, किंवा एसएसबी या पद्धतीने पाठवलेला आवाज फार स्वच्छ हवा असेल, तर जीयू घ्यावा. ती वेगळी नशा आहे.

एक गोष्ट दोघांना लागू: गोदामात वर्षानुवर्षं पडलेला व्हॉल्व्ह आणला की लगेच एचटी द्यायची नाही. आधी काही तास नुसता हीटर तापवा, म्हणजे आत साठलेला वायू शोषला जातो. पावसाळ्यात एचटीच्या भागावर ओल आणि धूळ बसते, तेव्हा खोका उघडून कोरडं कापड फिरवायचं. अर्थात प्लग काढून, आणि कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करून. हा विनोदाचा भाग नाही.

मित्राचं चेसिस का फुकट गेलं, तर ब्लोअरमुळे. जीआयची पाती गोल चकत्यांसारखी एकावर एक असतात, म्हणून वारा बाजूने मारायचा. जीयूची पाती उभी, चाकाच्या आऱ्यांसारखी. तिथे वारा सॉकेटमधून वर गेला पाहिजे. त्याने बाजूला पाडलेल्या भोकावर आता अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकलाय, ब्लोअर खाली आलाय, आणि हीटरचा चोक माझ्या ड्रॉवरमध्ये पोचलाय.