नेपाळी बागकामगारांची मुले व कोकणातील शाळा

रत्नागिरी, देवगड परिसरातील हापूसच्या बागांत राखणीला व काढणीला नेपाळी कुटुंबे येतात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही. मच्छीमार बोटींवरचे नेपाळी खलाशी बहुधा एकटेच असतात. त्यामुळे शाळेचा प्रश्न मुख्यतः बागेतल्या मुलांचा.

पहिली अडचण वेळेची. मोहोराच्या सुमारास आलेल्या मुलाला जूनची शाळा अर्धी झालेली सापडते. पाऊस लागताना परत जावे, तर नेपाळात वैशाखापासून, म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून, नवे वर्ग सुरू झालेले असतात. दोन्हीकडे ते मागेच पडते.

वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वयानुरूप वर्ग द्यायचा असतो. मराठी येत नाही म्हणून दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवणे ही नेहमीची आणि फार नुकसान करणारी चूक आहे. लाजेने ते शाळाच टाळू लागते. जन्मतारीख नेपाळात चालणाऱ्या विक्रम संवतात असल्यास इसवी सन काढायला वैशाख ते पौषाच्या मध्यापर्यंत ५७ आणि त्यापुढे चैत्रअखेर ५६ वजा करावेत: वैशाख २०७३ म्हणजे एप्रिल-मे २०१६.

लिपी देवनागरीच असल्याने मूल पुस्तक घडाघडा वाचते आणि अर्थ कळला असे शिक्षकांना वाटते. तसे नसते. अडते ते ‘ळ’च्या उच्चारात, नपुंसकलिंगात, ‘एकोणपन्नास’सारख्या संख्यानामांत. त्यात सिंधुदुर्गात मैदानावर मालवणी, फळ्यावर प्रमाण मराठी. मूल आधी ‘माका’ शिकते, ‘मला’ नंतर. ‘माका’ म्हटल्यावर टोकू नये, ती प्रगतीच आहे. सुरुवातीचे काही महिने मूल गप्प राहिले तर त्याला मंद ठरवू नये. बोलणे एक-दोन वर्षांत जमते, पुस्तकी भाषेला पाच ते सात वर्षे लागू शकतात. त्यामुळे गणितात आधी अंकांची उदाहरणे द्यावीत, शाब्दिक नंतर. पोषण आहाराच्या पंगतीत मात्र भाषा झपाट्याने येते. तिथे नेपाळी मुलांना एकत्र न बसवता मिसळून बसवावे. ‘ए गुरख्या’ अशी हाक शिक्षकांनी पहिल्याच दिवशी थांबवावी. मुलाला त्याच्या नावानेच बोलवायचे.

गैरहजेरी वाढते ती मार्च-एप्रिलच्या काढणीत, कारण आईबाप कलमांवर आणि धाकटी भावंडे या मुलांच्या हवाली. धाकट्यांना अंगणवाडीत घातले तर थोरले शाळेत येते.

मेमध्ये शाळा बंद असते. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला एप्रिलअखेरच तयार ठेवावा आणि सोबतच्या पत्रात इयत्ता, शिकवून झालेले धडे व दोन्ही सनांतली जन्मतारीख लिहून द्यावी.