रक्तशर्करेची तत्काळ तपासणी (दवाखान्यातील)

बोटाला टोचून घेतलेल्या रक्ताच्या थेंबातील साखर फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातच, रुग्ण समोर बसलेला असताना मोजण्याची पद्धत. लॅबचा रिपोर्ट आणायला पुन्हा यायचे म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाचा आणखी एक दिवस बुडतो. कित्येक जण परततच नाहीत. इथे मात्र आकडा पाहून त्याच भेटीत गोळीचा डोस बदलता येतो, हे या पद्धतीचे खरे मोल.

पूर्वी दवाखान्यात लघवी तपासत. बेनेडिक्टच्या 5 मिली निळ्या द्रावणात लघवीचे 8 थेंब टाकून उकळले, की साखरेच्या प्रमाणानुसार हिरव्यापासून विटकरीपर्यंत रंग येई. पण रक्तातील साखर साधारण 180 मिग्रॅ/डेसीलिटरच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. त्यामुळे घसरलेली साखर या परीक्षेत कळतच नसे. 1965 मध्ये ‘डेक्स्ट्रोस्टिक्स’ ही रक्ताची पट्टी आली. थेंब ठेवून मिनिटभर थांबायचे, पट्टी धुवायची आणि रंग तक्त्याशी ताडायचा. आजच्या ग्लुकोमीटरच्या पट्टीवरचे एन्झाइम ग्लुकोजशी क्रिया करते, त्यातून निर्माण होणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह यंत्र मोजते आणि काही सेकंदांत आकडा दाखवते.

तपासणी सोपी असली तरी चुका हाताळणीत होतात. आंबा चिरून आलेल्या बाईने हात धुतले नसतील तर साखर भलतीच जास्त दिसते. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवणे पुरेसे नाही; साबणाने हात धुवून पूर्ण कोरडे करावेत. टोचावे ते बोटाच्या कडेला, कारण तिथे दुखते कमी. बोट जोराने पिळू नये. पट्ट्यांच्या डबीचे झाकण उघडे राहिले, की पावसाळ्याच्या दमट हवेत पट्ट्या खराब होतात. रुग्णाला तीव्र रक्तक्षय असेल तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. प्रत्येक रुग्णासाठी नवी सुई हवीच. एकच सुई दुसऱ्याला वापरल्याने कावीळ ‘बी’ पसरते. इथे काटकसर अक्षम्य आहे.

या एका आकड्यावरून कोणालाही मधुमेही ठरवू नये. निदानासाठीची उपाशीपोटी 126 ही मर्यादा शिरेतून काढलेल्या रक्ताच्या लॅब-तपासणीची आहे. 2013 च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार 100 किंवा त्याहून जास्त साखरेला ग्लुकोमीटरमध्ये 15 टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. म्हणजे खरी साखर 126 असताना यंत्राने 108 दाखवले काय किंवा 144 दाखवले काय, ते मानकात बसते. शंका आली तर लॅबकडे पाठवणे हाच योग्य मार्ग.

काही दवाखान्यांत एचबीए1सी मोजणारे टेबलावरचे यंत्रही असते. ते काही मिनिटांत मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा अंदाज देते. लोहाच्या कमतरतेने हा आकडा वाढू शकतो, तर सिकलसेल या तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजारात तो फसवा ठरतो. नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या भागांत सिकलसेलचे रुग्ण बरेच असल्याने तिथल्या डॉक्टरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

दरदरून घाम सुटलेला, हातपाय थरथरणारा मधुमेही दारात येतो, तेव्हा या तपासणीला पर्याय नाही. साखर 70 च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर सुमारे 15 ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून देतात आणि 15 मिनिटांनी पुन्हा थेंब घेतात. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडाने काहीही न देता शिरेतून ग्लुकोज देतात. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर साखर काही तासांनी पुन्हा घसरू शकते. अशा रुग्णाला बरे वाटले म्हणून लगेच घरी सोडत नाहीत. बसवून ठेवून पुन्हा पुन्हा तपासतात किंवा रुग्णालयात पाठवतात.