घोट्यामागची चिंचोळी वाट

उजवा पाय डाव्या मांडीवर घ्या आणि आतल्या बाजूच्या घोट्याच्या हाडामागे, टाचेच्या दिशेने, दोन बोटं हलकेच टेकवा. जरा थांबलात की ठोका लागेल. त्या रक्तवाहिनीला लगटूनच टिबिअल नस, म्हणजे तळव्याची संवेदना वाहणारा मज्जातंतू, तळपायात उतरते. खाली हाड, वर चिवट पडद्याचं छप्पर आणि मधल्या जागेत तीन कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या), रक्तवाहिन्या नि ही नस, अशी दाटी. या वाटेला टार्सल टनेल म्हणतात. छप्पर फारसं ताणत नाही. त्यामुळे आत गाठ आली, शिरा फुगल्या, कंडरा सुजला, तर नस चेपते. तळपाय सपाट असेल तर टाच बाहेर कलते आणि पावलागणिक नसेला ओढ बसते.

मग तळव्याची आग होते, मुंग्या येतात, रात्री पांघरुणाचा स्पर्शही नकोसा वाटतो. 1962 मध्ये केक आणि लॅम या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे या दुखण्याचं वर्णन केलं. तपासताना डॉक्टर घोट्यामागे बोटाने टकटक करतात. झिणझिण्या तळव्यात धावल्या तर नसेवर संशय बळावतो.

अशा वेळी हल्ली बरेच जण कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे मणके नि सांधे हाताने हलवून उपचार करणाऱ्याकडे, जातात. ही पद्धत 1895 मध्ये अमेरिकेतल्या डेव्हनपोर्टमध्ये डी. डी. पामर यांनी सुरू केली. भर मणक्यांवर होता, पण आता घोट्यावरही उपचार होतात: आखडलेला सांधा हाताने हलवणं, पोटरी मोकळी करणं, व्यायाम, बुटात आधार. सांधा सैल झाला, चाल सुधारली, तर नसेवरचा ताण हलका होऊ शकतो, हे मला पटतं. पुरावा मात्र तुटपुंजा आहे, बहुतेक एकेका रुग्णाच्या नोंदींचा. आणि आत गाठच असेल तर ती हाताच्या झटक्याने जात नाही.

सांधा हलवताना येणारा तो ‘कट्’ आवाज म्हणजे नस सुटली, असं अनेकांना मनापासून वाटतं. 2015 मध्ये अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी बोटाचा सांधा एमआरआयखाली ओढून पाहिला. आवाजाच्या क्षणी सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होताना दिसली. नसेचा त्यात संबंध नव्हता.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच रुग्णांची. मोजा घातल्यासारखे दोन्ही तळवे बधिर होत असतील तर आधी मधुमेह तपासायला हवा. कुष्ठरोगातही नेमकी घोट्यामागची हीच नस जाड होते, आणि महाराष्ट्रात तो संपलेला नाही. चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळतच नाही, अशी तक्रार घेऊन माणूस पाय चोळून घेत बसला, तर उपचाराचे मोलाचे महिने निघून जातात. चवडाच उचलता येत नसेल तर दोष गुडघ्याजवळ किंवा कमरेत असू शकतो. त्याला लगेच डॉक्टरकडे न्यावं.

बधिरपणाची पहिली चाचणी अगदी साधी असते. डोळे मिटायचे. डॉक्टर 10 ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवतात. जाणवला की ‘लागला’ म्हणायचं.