नॅसवर फाइल हळू जातायत? आधी आकडा बघा

"१० जीबीचा फोल्डर नॅसवर टाकायला पंधरा मिनिटं लागतायत, नवीन नॅस घ्यावा का?" अशी विचारणा आमच्याकडे सारखी होते. (नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेली, सगळ्या संगणकांनी मिळून वापरायची डिस्कची पेटी.) नवीन नॅस विकायला आम्हालाही आवडेल, पण या वर्णनात दोष बहुधा नॅसचा नसतो. पंधरा मिनिटांत १० जीबी म्हणजे सेकंदाला साधारण ११ एमबी, आणि ११ ऐकलं की आमचा माणूस सगळ्यात आधी केबल तपासतो. नेमकं कुठे अडतंय हे बहुतेक वेळा वेगाच्या आकड्यावरूनच कळतं. म्हणून खर्चाआधी तो नीट मोजून घ्या.

एकच मोठी फाइल घ्या, दोन-चार जीबीचा व्हिडिओ चालेल. ती नॅसवर टाका. विंडोजमध्ये कॉपीच्या चौकटीत 'मोर डिटेल्स' दाबलं की वेगाचा आलेख दिसतो. पहिले काही सेकंद धरू नका; तेव्हा फाइल रॅममध्ये जात असते, म्हणून आलेख उंच उडतो आणि मग खऱ्या वेगावर येऊन बसतो. नंतर उलट दिशेने, नॅसवरून संगणकावर कॉपी करा. यासाठी नॅसवरची दुसरी, जुनी फाइल निवडा, कारण नुकतीच टाकलेली फाइल नॅसच्या रॅममध्येच असू शकते आणि आकडा फसवा येतो. दोन्ही आकडे लिहून ठेवा.

एक घोळ इथेच मिटवू. नेटवर्कचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार बाइटमध्ये, आणि ८ बिट म्हणजे १ बाइट. त्यामुळे गिगाबिट नेटवर्क म्हणजे कागदावर सेकंदाला १२५ एमबी. वरखर्च जाऊन हातात ११०च्या आसपास पडतात. तुम्हाला ११० दिसत असतील तर तुमचं सगळं उत्तम चाललंय, हे पत्रक बाजूला ठेवा. त्याहून जास्त हवं असेल तर संगणक, स्विच (सगळ्या लॅन केबल जिथे येऊन जुळतात ती पेटी) आणि नॅस या तिन्ही ठिकाणी २.५ गिगाबिटचं पोर्ट लागेल. एकच बदलून फरक पडत नाही.

आकडा ११ असेल तर

याचा अर्थ वाटेत कुठेतरी जोडणी १०० मेगाबिटवर उतरली आहे. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, म्हणजे चार जोड्या. गिगाबिटला चारही लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. एखादी तार तुटली किंवा प्लगमध्ये नीट बसली नाही, की बरीचशी उपकरणं गुपचूप १००वर येतात. एरर नाही, सूचना नाही. इंटरनेट चालतं, मेल येतात, त्यामुळे महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. मोठा बॅकअप घ्यायची वेळ आली की मग बोंब होते.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग इथरनेट उघडा आणि 'लिंक स्पीड' वाचा. तिथे १००० हवं. हेच नॅसच्या सेटिंग्जमध्येही बघा, कारण संगणक ते स्विच जोडणी ठणठणीत आणि स्विच ते नॅस लंगडी, असंही सर्रास असतं. स्विचवरच्या दिव्याचा रंगही बऱ्याचदा वेग सांगतो, पण कुठला रंग म्हणजे किती हे कंपनीगणिक बदलतं. पोर्टांशेजारी बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ते वाचा.

मग केबल हातात घ्या. पारदर्शक प्लग उजेडात धरला की आठही तारा टोकाच्या पितळी पट्ट्यांपर्यंत पोचल्यात का ते दिसतं. क्लिप तुटलेली असेल तर प्लग आत गेल्यासारखा वाटतो आणि अर्धा बाहेर असतो. केबल दारात चेपली आहे का, खुर्चीची चाकं तिच्यावरून फिरतात का, तेही बघा. सोपी चाचणी म्हणजे जिथे नीट चालतंय तिथली केबल इथे लावून बघणं. नवी घेणार असाल तर कॅट ५ई पुरे. ती १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते. गिगाबिटसाठी महागडी कॅट ८ घेऊन वेग तसूभरही वाढत नाही.

केबल निर्दोष निघाली तर मधली उपकरणं बघा. कोपऱ्यात पडलेला जुना स्विच १०० मेगाबिटचाच असू शकतो. ऑफिसात आणखी एक छुपा गुन्हेगार असतो, टेबलावरचा नेटवर्क फोन. बऱ्याच ठिकाणी संगणक त्या फोनमधून जोडलेला असतो आणि जुन्या फोनचं पोर्ट १००चंच असतं. संगणक थेट भिंतीतल्या पॉइंटला लावून बघा.

आकडा ११च्याही खूप खाली असेल तर नेटवर्क कार्डाची 'स्पीड अँड डुप्लेक्स' सेटिंग ऑटोवर आहे ना, हे बघा. एका टोकाला ती हाताने ठरवलेली आणि दुसऱ्या टोकाला ऑटो असेल तर दोघांचं जुळत नाही आणि डेटा पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो.

आकडा ३० ते ४०

लॅपटॉपला यूएसबीवरून नेटवर्क जोडलं असेल तर तो अडॅप्टर किंवा ते पोर्ट यूएसबी २ आहे. यूएसबी २ची मर्यादा ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला हे ३०-४० एमबीच मिळतात. बाहेरच्या यूएसबी डिस्कवरून कॉपी करत असाल तरी हेच लागू.

वायफाय

लॅपटॉपवर ८६६ मेगाबिट दिसलं तरी फाइलला त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळेल असं धरा. हवा सगळ्यांत वाटली जाते. नॅससुद्धा त्याच राउटरला वायफायने जोडलेला असेल तर तीच फाइल हवेतून दोनदा जाते. आमचं मत स्पष्ट आहे: नॅसला केबलच हवी, आणि मोठी कॉपी करायच्या वेळी लॅपटॉपलाही.

मोठी फाइल पळते, फोल्डर रांगतो

हे बिघाडाचं लक्षण नाही. प्रत्येक फाइलसाठी परवानगी विचारणं, फाइल तयार करणं, लिहिणं, बंद करणं, एवढी देवाणघेवाण संगणक आणि नॅस यांच्यात होते. घर बदलताना एकेक वाटी स्वतंत्र फेरीत नेल्यासारखंच ते. वर अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडून बघतो. दहा हजार बारीक फाइल असतील तर त्यांची एक झिप करून पाठवा. रोज लागणारं काम असेल तर विंडोजमधल्या रोबोकॉपी या कॉपी करायच्या कमांडचा 'एमटी' पर्याय वापरा. तो एका वेळी अनेक फाइल नेतो, आकडा दिला नाही तर आठ.

वाचणं वेगात, लिहिणं मंद

आता संशय नॅसच्या डिस्कवर. आलेख काही वेळ उंच राहून मग कोसळत असेल आणि परत वर येत असेल, तर डिस्क एसएमआर प्रकारची आहे का ते बघा. तिच्यात ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे सलग मोठं लिखाण आलं की ती दमते. रेड (अनेक डिस्क मिळून केलेली एकत्र रचना) पुन्हा बांधलं जातंय का, फोटोंची अनुक्रमणिका चालू आहे का, डिस्क गच्च भरली आहे का, हे नॅसच्या डॅशबोर्डवर कळतं. पहिली दोन कारणं असतील तर काही करू नका, काम संपू द्या.

नेटवर्क की डिस्क, हा वाद मिटत नसेल तर 'आयपर्फ ३' हे मोजणीचं सॉफ्टवेअर चालवा. ते डिस्कला हात न लावता फक्त नेटवर्क मोजतं. गिगाबिटवर ९४०च्या आसपास मेगाबिट आले तर नेटवर्क निर्दोष. घरून व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला, जोडत असाल तर यातलं काहीच लागू नाही. तिथे मर्यादा बहुधा अपलोड वेगाची: नॅसवरून फाइल आणताना नॅस आहे त्या ठिकाणच्या इंटरनेटची, नॅसवर टाकताना तुमच्या घरच्या.

जंबो फ्रेम, म्हणजे नेटवर्कवर डेटाचे नेहमीपेक्षा मोठे तुकडे पाठवणं, चालू करायचा सल्ला ठिकठिकाणी मिळतो. तो तूर्त विसरा. वाटेतल्या प्रत्येक उपकरणाला ते जमलं नाही तर आहे तेही बंद पडू शकतं. वेगासाठी एसएमबी साइनिंग (फाइल देवाणघेवाणीत वाटेत फेरफार झाला नाही ना, याची तपासणी) बंद करणंही आम्ही सुचवत नाही. ती सुरक्षेची सोय आहे.

आम्हाला फोन करण्याआधी दोन्ही दिशांचे आकडे, दोन्ही टोकांची लिंक स्पीड आणि नॅसचं मॉडेल जवळ ठेवा. मात्र डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा नॅस डिस्कच्या तब्येतीबद्दल इशारा देत असेल, तर वरची एकही चाचणी करू नका. नॅसमधला महत्त्वाचा डेटा दुसरीकडे घेतलेला नसेल तर कॉपी थांबवा आणि आधी आम्हाला फोन करा.