विनिमय दर आणि देशांतर्गत किमती

देशाचे चलन घसरले किंवा वधारले की त्याचा काही भाग स्थानिक बाजारभावांत उतरतो. किती उतरेल आणि किती दिवसांनी, हे मात्र वस्तूगणिक बदलते. विकसनशील देशांची बहुतेक आयात डॉलरमध्ये होते. त्यामुळे माल मलेशियाचा असला, तरी भारतीय व्यापाऱ्याचे लक्ष डॉलरच्या भावावर असते.

भारतात खाद्यतेलाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. गरजेच्या निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते: पामतेल मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून. समजा पामतेल टनाला १,००० डॉलरवर स्थिर आहे आणि डॉलर ८० वरून ८५ रुपयांवर गेला. तेल किलोमागे पाच रुपयांनी महागले. आयात शुल्क टक्केवारीने लागत असल्याने रुपयांत तेही वाढते.

जे आयात होत नाही, त्यालाही झळ लागते. मुंबई हायचे खनिज तेल इथलेच, पण त्याचा भाव आंतरराष्ट्रीय दराला बांधलेला. लातूरच्या सोयाबीनचेही काहीसे तसेच. रुपया घसरला की आयात तेल महागते आणि सोयापेंडेची (तेल काढून उरलेल्या चोथ्याची) निर्यात परवडते, म्हणून तेलगिरण्या शेतकऱ्याला जादा भाव देऊ शकतात. महागाईवरच्या चर्चेत ही बाजू सहसा येत नाही.

पेट्रोल-डिझेलच्या बाबतीत कर आडवे येतात. २०१४ च्या उत्तरार्धात रुपया नरमला होता, पण कच्चे तेल त्याहून कितीतरी वेगाने कोसळले. पंपावर मोठी स्वस्ताई यायला हवी होती. केंद्राने उत्पादन शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवून तिचा बराच भाग तिजोरीत वळवला.

देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटली की चलनाची घसरण आणि बाजारभाव यांच्यामधले असे अडसर एकदम कोसळतात. श्रीलंकेने मार्च २०२२ मध्ये आपल्या रुपयाचा दर सैल सोडला, म्हणजे बाजारावर सोपवला. डॉलर सुमारे २०० वरून दोन-तीन महिन्यांत ३६० श्रीलंकन रुपयांपर्यंत गेला आणि सप्टेंबरमध्ये कोलंबोतील महागाई ७० टक्क्यांच्या घरात पोहोचली. सगळा दोष चलनाचा नव्हे. २०२१ मधील रासायनिक खतबंदीने भाताचे पीक आधीच घटवले होते. २०२३ मध्ये त्यांचा रुपया बराच सावरला आणि महागाईचा दर एक आकडी झाला, पण एकूण किंमतपातळी संकटापूर्वीच्या ठिकाणी परतली नाही.